ओढायचं खेळणं मुलाच्या पाठीमागे चालतं, मग ते पारखायचं कसं?

नागपूरच्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी १४ महिन्यांची आहे आणि नुकतीच आधार सोडून चालायला लागली आहे. तिच्यासाठी दोरीनं ओढायचं खेळणं घ्यायचं आहे. दुकानात दोन पसंत पडली, एक मान हलवत चालणारं प्लास्टिकचं बदक आणि दुसरा पाच तुकड्यांचा लाकडी सुरवंट. शिवाय आजोबांनी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याला ओढायचा, जुना सागवानी चाकांचा नंदी माळ्यावरून काढून, पुसून ठेवला आहे. या तिन्हींतलं कोणतं द्यावं आणि ते काय बघून ठरवावं?

मी लाकडी खेळणी बनवते आणि बालवाड्यांना खेळणी निवडून देते. असं विचारायला येणाऱ्या बहुतेकांनी खेळण्याचा चेहरा बघून मनातल्या मनात निवड केलेली असते. डोळे किती टपोरे, रंग किती खुलून दिसतात, एवढंच पाहिलेलं असतं. पण ओढायचं खेळणं चालतं तेव्हा मुलाची त्याच्याकडे पाठ असते. चेहरा दिसतो तो आपल्याला. मुलाच्या वाट्याला येतं ते दोरीतून हाताला जाणवणारं ओझं आणि मागून येणारा आवाज. म्हणून असं खेळणं मी आधी हातानं पारखते, मग कानानं, आणि डोळ्यांनी सगळ्यात शेवटी.

त्याआधी वयाचं बोलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीनुसार निरोगी मुलं आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही आधाराशिवाय चालू लागतात, त्यामुळे डब्यावर छापलेल्या वयापेक्षा तुमच्या मुलीकडे बघा. नवं नवं चालणारं मूल पाय फाकवून चालतं आणि तोल सांभाळायला दोन्ही हात खांद्याच्या उंचीला धरतं. हात असे वर असेपर्यंत दोरी द्यायची घाई करू नका, कारण ते हात तोल राखण्यात गुंतलेले असतात. हात खाली आले, पावलं जवळ पडू लागली, चालता चालता ती मान वळवून मागे बघू लागली, की ती तयार झाली असं समजा. तोवर ढकलायचं खेळणं बरं. आपल्याकडचा पांगुळगाडा नेमका याच टप्प्यासाठी आहे, तो पुढे राहून आधार देतो. ओढायचं खेळणं आधार देत नाही, उलट हाताला मागे खेचतं. मात्र बसल्या बसल्या दोरी धरून खेळणं स्वतःकडे ओढून घेणं तिला आजही जमेल. त्यात ती मनापासून रमेल, कारण लांबची वस्तू दोरी ओढली की जवळ येते, हा शोध या वयात फार मोठा असतो.

आता हाताची परीक्षा. साधारण ८० सें.मी. उंचीच्या मुलाचा हात खाली सोडला की मूठ जमिनीपासून ३५ सें.मी.च्या आसपास येते. खेळण्याला दोरी ५ सें.मी. उंचीवर बांधली असेल, तर मुठीपर्यंत ३० सें.मी. चढ झाला. दोरी ६० सें.मी. असेल तर ती जमिनीशी ३० अंशांचा कोन करते आणि ओढ बरीचशी पुढच्या दिशेनं लागते. दोरी ४० सें.मी. असेल तर तोच कोन पन्नासाच्या जवळ जातो. मग प्रत्येक हिसक्याला खेळण्याचं तोंड वर उचललं जातं, चाकं फिरायची थांबतात आणि खेळणं उड्या मारत येतं. दुकानातल्या हलक्या प्लास्टिकच्या गाड्यांची हीच रड असते. विक्रेता लांब दोरी लावून ती ओढून दाखवतो, तेव्हा गाडी छान चालते. तुम्ही दुकानात गुडघ्यांवर बसा, मूठ जमिनीपासून दीड वीत वर धरा, आणि मग ओढा. लाज वाटून घेऊ नका. दोन मिनिटांत खेळणं आपली कुंडली सांगतं.

वजन फार कमीही नको आणि फार जास्तही नको. माझ्या अनुभवात ३०० ते ६०० ग्रॅमचं खेळणं या वयाला बेतशीर पडतं. त्याहून हलकं असेल तर मागे काही येतंय हे मुलाच्या हाताला कळतच नाही. जड असेल तर पायावर पडलं की लागतं. आणि मूल ते दोरीनं उचलून गरगर फिरवणारच. हे गृहीत धरूनच खेळण्याचे कोपरे तपासायचे: गालावर घासून बघा, बोचलं तर नको.

पण सगळ्यात जास्त खेळणी नापास होतात ती वळणावर, म्हणून इथे थोडं थांबते. मूल सरळ रेषेत चालत नाही. ते दाराच्या चौकटीतून वळतं, खुर्चीच्या पायाला वळसा घालतं, मध्येच गर्रकन मागे फिरतं. त्या क्षणी दोरी खेळण्याला पुढून ओढत नाही, बाजूनं ओढते. चाकं बाजूला फिरत नाहीत, त्यामुळे खेळणं एक तर घसरतं नाही तर उलटतं. काय होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर किती, वजनाचा मध्य किती उंचीवर, आणि दोरी कुठे बांधली आहे. घरी करून बघायची चाचणी सोपी आहे. खेळणं एका फळीवर आडवं, म्हणजे चाकं उताराकडे वळणार नाहीत असं ठेवा आणि फळी एका बाजूनं हळूहळू उचला. उताराकडची चाकं घसरू लागली तर तिथे एक पट्टी अडवून धरा. चाकांत १० सें.मी. अंतर आणि वजनाचा मध्य ८ सें.मी.वर असेल, तर फळी ३२ अंशांपर्यंत उचलली तरी खेळणं उभं राहतं. चाकांत ८ सें.मी. आणि मध्य १२ सें.मी.वर असेल, तर ते १८ अंशांतच कोसळतं. तीस अंशांच्या आत पडणारं खेळणं घरातल्या प्रत्येक वळणावर पडणार, असा माझा आडाखा आहे.

आता तुमचा नंदी या कसोटीवर बघा. पाय उंच, अंग भरदार, वर वशिंड, त्यावर शिंगं, आणि खाली अरुंद पाट. सगळं वजन वर. शिवाय हौसेनं दोरी गळ्यात नाही तर वेसणीलाच बांधलेली असते, म्हणजे बाजूची ओढ थेट वरच्या टोकाला लागते. नंदी आडवा होणारच. यात कारागिराचा काही दोष नाही. तान्ह्या पोळ्याचा नंदी मिरवायला घडवलेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नटूनथटून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, सावकाश ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा, यासाठी तो उंच आणि देखणा असणंच बरोबर. रोज दहा वेळा चौकटीवर आपटायला तो नाही.

जाता जाता एक सांगते, कारण ही घडण आपल्या मातीत किती जुनी आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तांब्याच्या ओतीव वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. जनावर वर उभं आणि खाली चाकांची सोय, ही आपल्या नंदीचीच रचना. चारींचं मिळून वजन ६० किलोंच्या वर आहे, तेव्हा ती काही लहानग्यांची खेळणी नव्हेत. पण हडप्पा संस्कृतीच्या गावांतून मातीची छोटी चाकाची खेळणी भरपूर मिळाली आहेत. काहींत दोरी ओवायला भोक आहे. मी नव्या खेळण्यांत दोरीची जागा ठरवते ती खालीच: पाटाच्या पुढच्या कडेला, आसाच्या उंचीच्या जवळ. तिथे बांधलेल्या दोरीचा आणखी एक फायदा म्हणजे उंबरठा आला की तीच वरची ओढ पुढची चाकं हलकेच उचलून पलीकडे नेते. दोरी उंच बांधली असेल तर चाक अडताच खेळणं तोंडावर पडतं.

चाकांचं तसं थोडक्यात. चाकाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा अडथळा ते जेमतेम चढतं. ५ सें.मी. व्यासाचं चाक म्हणजे आठ मि.मी., एवढंच. शहाबादी फरशीचे सांधे आणि सतरंजीची कड त्याला पार होते, गालिच्याची जाड किनार होत नाही. गुळगुळीत स्टाइलवर वेगळीच अडचण येते: चाक फिरण्याऐवजी घसरतं. मग चाकाच्या फिरण्यावर चालणारी मान, शेपूट, पंख सगळं ठप्प. तुमच्या बदकाचं हेच होण्याची भीती आहे, कारण त्याची मान वाकड्या आसावर हलते. चाकाला रबरी धाव, म्हणजे कडेला रबरी पट्टा, असेल तरच ते घ्या. लाकडी चाकाला खाचा पाडून रबरी कडी बसवणं घरीही जमतं, फक्त ती कडी नखानं निघता कामा नये. चाक बोटांनी फिरवून सोडा. ते दोन-तीन वेढे मोकळं फिरावं, डुगडुगावं मात्र नाही. चाक आणि अंग यांच्यातली फट बघा. बिजागऱ्यांच्या फटींसाठी खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात एक चांगला आडाखा आहे, तोच मी इथे लावते: ५ मि.मी.ची काडी जात असेल तर १२ मि.मी.चीही गेली पाहिजे. म्हणजे लहान बोट एक तर आत जातच नाही, नाही तर गेलं तरी चिमटत नाही. आणि महिन्यातून एकदा आसावर गुंडाळलेले केस काढा. चाक जड झालं की मूल खेळणं टाकून देतं आणि आपण म्हणतो कंटाळली.

आता कान. मला ओढायच्या खेळण्यात आवाज हवाच, पण तो चालण्यातून निघणारा हवा. मूल थांबलं की थांबणारा, पळालं की दाटून येणारा. लाकडी पट्टी दातेरी चाकावर टकटकते, चामड्याची पावलं फरशीवर पटपट पडतात, पोकळीत घातलेले मणी खुळखुळतात, ते आवाज असे. चालता चालता मूल मध्येच उभं राहतं, आवाज बंद. एक पाऊल टाकतं, टक. पुन्हा थांबतं. तेच पुन्हा करून बघतं आणि मग तुमच्याकडे बघून हसतं. हे मी जिथे जिथे पाहिलं तिथे मला खात्री पटली की खेळणं आपलं काम करतंय, मूल कार्यकारण स्वतःच्या पायांनी तपासतंय. बटण दाबलं की गाणं सुरू आणि मूल बसलं तरी गाणं चालूच, अशा सेलच्या खेळण्यात हा धागाच तुटतो. माझं मत या बाबतीत पक्कं आहे, सेलचं गाणं असलेलं ओढायचं खेळणं मी कुणालाही सुचवत नाही. त्यात सेलच्या खणाला स्क्रू नसेल तर ते घरात आणूच नका.

खेळणं पडल्यावर काय होतं, हेही बघण्यासारखं असतं. चांगलंतलं चांगलं खेळणंही कधी ना कधी उलटतं. सव्वा वर्षाचं मूल ते पुढे तसंच घसटत नेतं, मग आवाज बदललेला ऐकून थांबतं, वळतं, खाली बसतं. आता ते एका हातानं सरळ करता आलं पाहिजे. अंगाला धरायला गोलवा हवा, मुठीत मावेल असा. दर वेळी 'आई, पडलं' म्हणून बोलवावं लागत असेल तर खेळ मुलाचा राहत नाही, मोठ्यांची हमाली होते.

दोरीबद्दल मात्र कुठेच तडजोड नाही. लांब दोरी ओढायला चांगली, पण गळ्याभोवती जाऊ शकते. युरोपच्या ईएन ७१ मानकात १८ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या ओढगाडीची दोरी ८० सें.मी.पेक्षा लांब चालत नाही. दीड वर्षाखालच्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. दीड वर्षापुढच्या मुलांसाठी मी स्वतः ५५ ते ६० सें.मी.वर थांबते, वरच्या हिशेबानं तेवढी पुरते. दोरी जाड, विणीव, सुती हवी, बारीक नायलॉनची नको. टोकाला कडी किंवा फास नको, कारण तो मनगटात किंवा गळ्यात अडकतो. धरायला टोकाशी एक जाड गाठ किंवा मोठा लाकडी गोळा पुरतो, पण गोळा दोरीच्या पिळात अडकून फास तयार होत नाही ना हे दोरी मुद्दाम गुंतवून बघा. आणि खेळ संपला की खेळणं उचलून ठेवायचं. पाळण्यात, पलंगावर, झोपेच्या जागी दोरीचं खेळणं कधीच नाही, दुपारच्या डुलकीपुरतंसुद्धा नाही.

सुटे भाग. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक लहानसं नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मि.मी. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा. त्यात पूर्ण मावणारा भाग सुटला तर घशात अडकू शकतो. चाकाची टोपी, बदकाचा डोळा, सुरवंटाच्या मिशीचा गोळा, प्रत्येक गोष्ट चिमटीत धरून पिळा आणि खेचा, हात दुखेपर्यंत. नंदीच्या गळ्यातली घुंगरं, झुलीवरची चमकी, मणी, टाचण्या, हे सगळं नळकांड्यात आरामात मावतं. घुंगरांचा आवाज हवाच असेल तर सुताराकडून अंगात पोकळी कोरून, घुंगरू आत घालून, लाकडी बूच फेविकॉलनं पक्कं बसवून घ्या. सुरवंटाचे तुकडे लोहचुंबकानं जोडलेले असतील तर तो बाजूला ठेवा. दोन चुंबकं गिळली तर आतड्याच्या पदरांना चिमटतात आणि प्रसंग शस्त्रक्रियेवर जातो.

आणि रंग. जुन्या नंदीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, तोल आणि घुंगरांपेक्षाही. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम २०१६ चा आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटात, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. तुमच्या नंदीवर पिढ्यान्‌पिढ्या दर पोळ्याला नवा हात मारलेला असणार. १४ महिन्यांची मुलगी शिंग तोंडात घालणार हे ठरलेलं. कृपा करून तो रंग घरी पॉलिश पेपरनं घासू नका, शिशाची भुकटी सगळ्या घरात बसते आणि ती खरवडलेल्या पापुद्र्यापेक्षा वाईट. रंग सुटत असेल तर नंदी ओल्या फडक्यानं पुसून, उंचावर, तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

नवं घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. त्यामागच्या आयएस ९८७३ या मानकात कडा, टोकं, सुटे भाग, आग आणि रंगातून पाझरणारे जड धातू या सगळ्यांच्या चाचण्या येतात. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर स्वतः बनवून विकतात त्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीत किंवा जत्रेत घेतलेल्या लाकडी खेळण्यावर खूण नसली तर ते वाईट असं मुळीच नाही. तिथे कारागीर समोर असतो, त्यालाच विचारा, रंग कुठला वापरला, वरून रोगण कशाचं. चांगला कारागीर आनंदानं सांगतो. मग पांढरं ओलं फडकं रंगावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर सोडून द्या.

खेळण्यात पुढे किती जीव राहतो, हा शेवटचा आणि माझ्या मते खरा निकष. नुसतं ओढण्याचं नवल काही आठवड्यांत ओसरतं. त्यानंतर मुलाला काही तरी न्यायचं असतं: बाहुली, कांदा, वाटी, बाबांची चप्पल. ज्या खेळण्याला वर सपाट, कडा असलेली मोकळी जागा आहे, ते तीन-साडेतीन वर्षांपर्यंत चालतं. ज्याचं एकच रूप आणि एकच करामत आहे, ते लवकर कोपऱ्यात जातं. म्हणून बालवाड्यांना मी बहुतेक वेळा साधी, बुटकी, चार चाकांची गाडी सुचवते. तिच्यावर चित्र नसतं आणि पालकांना ती आवडत नाही, तरी मुलं तिच्याकडेच जातात.

तुमच्या तिन्हींपैकी मी सुरवंट घेईन. तो जमिनीलगत आहे, त्यामुळे वळणावर पडत नाही, तुकड्यातुकड्यानं वळसा घेत मागे येतो. दहा चाकांमुळे हाताला बेताचं ओझं लागतं आणि लाकडी तुकड्यांचा आवाज चालण्याच्या तालावर येतो. फक्त तुकड्यांमधल्या फटी ५ आणि १२ मि.मी.च्या आडाख्यानं तपासा, जोड दोरीचा किंवा चामड्याचा आहे ना ते बघा आणि ओढायची दोरी मापून कापा. बदक रबरी धाव असेल तर दुसऱ्या पसंतीचं, नसेल तर राहू द्या.

नंदीसाठी आजोबांना असं सुचवा: जाणत्या सुताराकडून खालचा पाट काढून, चाकांत नंदीच्या उंचीच्या निदान तीन चतुर्थांश अंतर पडेल एवढा रुंद नवा सागवानी पाट आणि मोठी चाकं बसवून घ्यावीत, दोरी पाटाच्या पुढच्या कडेला घ्यावी. रंग उतरवायचं काम सुतारानंही कोरडं घासून करू नये, रंग मऊ करणारा लेप लावून, ओलं ओलं खरवडून, घरापासून लांब करावं आणि मग शिसं नसल्याचं डब्यावर लिहिलेला रंग द्यावा. घाई काहीच नाही. तिला तीन वर्षं पूर्ण होतील त्या तान्ह्या पोळ्यापर्यंत एवढं सहज होईल.